क्यूआरवर पैसे आले, पण आले कुठे?

वडगाव बुद्रुकला घरगुती पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: "रोज साठेक डबे जातात, दिवाळीत फराळ करते. आत्तापर्यंत माझ्या स्वतःच्या मोबाइल नंबरवरच यूपीआयने पैसे घेत होते. आता एका कंपनीचा माणूस मागे लागलाय. आमचं वॉलेट घ्या, दुकानाचा क्यूआर घ्या, साउंडबॉक्स घ्या, वर कर्जही देतो म्हणतो. घेऊ का? त्यात पैसे सुरक्षित राहतात का? मुलगी कॉलेजला जाते, तिलाही वॉलेट हवंय. आणि एवढे पैसे ऑनलाइन दिसले तर टॅक्सची नोटीस येईल का?"

ताई, आधी माझी ओळख सांगतो. पाच वर्षं मी एका पेमेंट कंपनीसाठी पुण्यात दुकानोदुकानी फिरून क्यूआरचे स्टिकर चिकटवले. मग ते सोडलं आणि आता नवी पेठेत बसून छोट्या दुकानदारांचे हिशेब बघतो. म्हणजे तुमच्या दारात आज जो उभा आहे तो कधीकाळी मीच होतो, आणि त्याने घालून ठेवलेला घोळ निस्तरायलाही आता मीच बसलोय.

नोटाबंदीला आठ-दहा दिवस झाले होते, नोव्हेंबर २०१६. मंडईत एका पालेभाजीवाल्या मावशींना मी वॉलेट सुरू करून दिलं. पहिलंच गिऱ्हाईक आलं, दोन जुड्या मेथी आणि एक कोथिंबीर, चाळीस रुपये. मोबाइलवर मेसेज वाजला. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "मावशी, आले बघा पैसे." त्यांनी मेसेज बघितला, कमरेची पिशवी चाचपली आणि विचारलं, "आले म्हंजी, कुठं आले?" मी म्हणालो, वॉलेटमध्ये. "मग मी पहाटं यार्डात काय दावू? ह्यो फोन?" मार्केट यार्डात पहाटे अडत्यापुढे त्यांना रोख मोजावी लागायची. वॉलेटमधले पैसे बँकेत वळते करायचे, मग बँकेसमोरच्या रांगेत उभं राहून काढायचे, हे सगळं मी त्यांना समजावत होतो आणि माझं मलाच पटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी गेलो तर स्टिकर टोपलीखाली पालथा पडलेला.

तुमच्या सगळ्या प्रश्नांना मी मावशींचाच प्रश्न लावणार आहे. पैसे आले म्हणता, तर या घडीला ते कुणाच्या खात्यात उभे आहेत?

स्वतःच्या नंबरवर घेतलेल्या यूपीआयमध्ये पैसे मध्ये कुठे उभेच राहत नाहीत. गिऱ्हाइकाच्या बँक खात्यातून निघाले की तुमच्या बँक खात्यात. मधलं ॲप फक्त निरोप पोचवतं. वॉलेटचं तसं नाही. वॉलेट म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचा डबा, आणि तो डबा कंपनीचा असतो. कंपनी बँक नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तिला लोकांचे हे पैसे एका बँकेत वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात, स्वतःच्या खर्चाला वापरता येत नाहीत. एवढी राखण आहे. पण त्यावर व्याज मिळत नाही, आणि बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत जो विमा असतो तो अशा वॉलेटमधल्या शिल्लकीला नसतो. लोक यूपीआयचं ॲप आणि वॉलेट एकच समजतात, कारण दोन्ही एकाच ॲपच्या एकाच पडद्यावर असतात. तुमच्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅगसुद्धा याच जातीचा आहे.

वॉलेटमध्येही दोन प्रती. नुसत्या मोबाइल नंबरवर आणि जुजबी माहितीवर उघडलेलं असेल तर त्यात एका वेळी १०,००० रुपयांच्या वर शिल्लक ठेवता येत नाही, आणि त्यातून फक्त खरेदी करता येते, दुसऱ्या माणसाला पैसे पाठवता येत नाहीत. पूर्ण केवायसी केली की मर्यादा २ लाख होते, पैसे पाठवताही येतात, आणि अशी वॉलेटं यूपीआयच्या क्यूआरवरही चालतात. घाईत उघडलेली छोटी वॉलेटं, त्यात शंभर-दीडशे रुपये अडकलेले आणि जुना नंबर बंद, अशी प्रकरणं माझ्याकडे इतकी येतात की मी त्यांना आता 'दानपेटी' म्हणतो.

आता तुमच्या केंद्राचं बघू. कंपनीचा माणूस 'वॉलेट घ्या' म्हणतो तेव्हा त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. क्यूआर, साउंडबॉक्स आणि सेटलमेंट. पहिल्या दोन घ्यायला काही हरकत नाही. तिसरीकडे डोळे उघडे ठेवा. सेटलमेंट म्हणजे दुकानाच्या क्यूआरवर दिवसभरात जमलेले पैसे कंपनी तुम्हाला केव्हा आणि कुठे देते. तो म्हणेल, 'पैसे आमच्या वॉलेटमध्येच राहू द्या, लागतील तेव्हा बँकेत घ्या.' नको म्हणा. सेटलमेंट थेट बँक खात्यात, रोज, आणि तेही तुमच्या नेहमीच्या बँकेतल्या खात्यात, कंपनीने तिथल्या तिथे उघडून दिलेल्या खात्यात नाही.

याला कारण आहे. ३१ जानेवारी २०२४ला रिझर्व्ह बँकेने एका पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले, नाव सगळ्यांना ठाऊक आहे. १५ मार्चनंतर तिच्या खात्यांत आणि वॉलेटांत नवे पैसे भरता येणार नव्हते. असलेली शिल्लक वापरता किंवा काढता येत होती, कुणाचे बुडाले नाहीत. ज्यांच्या क्यूआरचे पैसे दुसऱ्या बँकेत जात होते त्यांचा धंदा चालूच राहिला. ज्यांचं सेटलमेंट तिथेच होतं त्यांची मात्र पळापळ झाली. माझ्या ओळखीचे एक चहावाले फेब्रुवारीभर दोन-दोन क्यूआर लावून बसले होते, एकावर हाताने फुली मारलेली, तरी निम्मी गिऱ्हाइकं फुलीवरच मोबाइल धरायची.

पैसे कापले जातात का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. बँक खात्यातून यूपीआयने आलेल्या पैशावर दुकानदाराला कमिशन नाही. १ जानेवारी २०२० पासून ते शून्य आहे. नव्वद रुपयांचा डबा विकलात तर नव्वदच मिळणार. कापाकापी सुरू होते ती गिऱ्हाइकाने दुसऱ्या कुठल्या खिशातून पैसे दिले की. कंपनीचं स्वतःचं वॉलेट, क्रेडिट कार्ड, आधी खा मग पैसे द्या वाली उधारी. क्यूआर एकच दिसतो, मागचे खिसे वेगळे. वॉलेटमधून यूपीआयने मोठ्या दुकानाला २,००० रुपयांच्या वर पैसे गेले तर १.१ टक्क्यापर्यंत आकार लागतो, हा नियम १ एप्रिल २०२३पासूनचा. छोट्या दुकानदाराला तो लागत नाही. पण कंपनीचा खासगी करार वेगळा असू शकतो.

एक दिवस उघडून दाखवतो. समजा दसऱ्याच्या आधीचा शनिवार. साउंडबॉक्स दिवसभर ओरडला, ॲपमध्ये एकूण १४,२६० रुपये. सोमवारी बँकेत मात्र १४,१८९ रुपये २० पैसे. तुम्ही म्हणणार, सत्तर रुपये कुठे गेले? ॲपमध्ये 'सेटलमेंट' वर बोट ठेवा, त्या तारखेवर ठेवा, मग एकेक व्यवहार उलगडतो. बाकी सगळे यूपीआय, वजावट शून्य. एकाने फराळाच्या आगाऊ ऑर्डरचे ३,००० रुपये कंपनीच्या वॉलेटमधून दिलेत. करारातला दर २ टक्के धरला तर ६० रुपये, आणि त्या ६० रुपयांवर १८ टक्के जीएसटी, १० रुपये ८० पैसे. झाले ७० रुपये ८० पैसे. यात चोरी नाही, पण तुम्ही ते बघितलं नाहीत तर महिन्याअखेरी तुमची वही आणि पासबुक जुळणार नाही आणि तुम्ही हाताखालच्या मुलीवर संशय घ्याल. हे मी उगाच म्हणत नाही. माझ्याकडे एका बेकरीवाल्यांनी आठ महिने काम केलेल्या पोराला काढलं होतं, आणि फरक निघाला साउंडबॉक्सच्या भाड्याचा. महिन्याला शंभर-सव्वाशेचं भाडं कंपनी सेटलमेंटमधूनच परस्पर वळतं करत होती. 'फुकट' साउंडबॉक्सचं भाडं कितव्या महिन्यापासून सुरू होतं ते आधी विचारा.

स्वतःच्या नंबरवर घेत राहिलात तर? चालतं, पुण्यात अर्ध्या टपऱ्या तशाच चालतात. पण तुमच्या खात्यात नवऱ्याने पाठवलेले घरखर्चाचे, भिशीचे, मुलीच्या फीचे आणि डब्याचे पैसे एकाच रांगेत उभे राहतात. उद्या कुणी विचारलं की यातलं धंद्याचं किती, तर दोन वर्षांचं स्टेटमेंट घेऊन तुम्हालाच लाल पेन घेऊन बसावं लागेल. दुकानाचा क्यूआर घ्या आणि तो फक्त धंद्यासाठी काढलेल्या वेगळ्या खात्याला जोडा. चालू खातं परवडत असेल तर उत्तम.

वेगळं खातं ठेवायला मी आग्रह धरतो त्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते गेल्या दोन-तीन वर्षांत फार वाढलंय. कुठेतरी कुणाची फसवणूक होते. तो पैसा चार खात्यांतून फिरतो आणि त्यातल्या एकाने तुमच्याकडे साडेतीनशे रुपयांचे डबे घेतलेले असतात. तक्रार झाली की पोलीस पैशाचा माग काढत येतात आणि बँक तुमचं खातं गोठवते. माझ्या एका गिऱ्हाइकाचं पूर्ण खातं साडेतीनशे रुपयांसाठी एकोणीस दिवस बंद होतं, आणि बँकेत त्यांना रोज नवं टेबल दाखवत होते. असं झालं तर बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि कुठल्या पोलीस ठाण्याचं पत्र आहे ते लेखी मागा, त्या दिवसाचं बिल किंवा वहीची नोंद त्या ठाण्याला पाठवा, आणि पूर्ण खातं नको, वादातली रक्कमच अडवा असा अर्ज बँकेत द्या. धंद्याच्या खात्यातली जास्तीची रक्कम दर आठवड्याला दुसऱ्या खात्यात हलवली तर असं संकट आलं तरी घर चालतं. डब्याची वही मात्र लिहा. तारीख, नाव, किती डबे, बस.

नोटिशीचं भय. २०२५च्या जुलैत कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हापासून आपल्याकडेही काहींनी क्यूआर झाकून 'फक्त रोख' च्या पाट्या लावल्या. वेडेपणा आहे. उलाढाल म्हणजे रोख अधिक ऑनलाइन. क्यूआर झाकल्याने ती कमी होत नाही, फक्त पुरावा तुमच्या हातून जातो.

तुमचाच आकडा करू. ६० डबे, ९० रुपये, दिवसाचे ५,४००. महिन्याचे २६ दिवस धरले तर १,४०,४००. वर्षाचे १६,८४,८००. दिवाळीचा फराळ तीन लाखांचा गेला तर १९,८४,८००. शिजवलेलं अन्न विकणं हे जीएसटीत सेवेत मोडतं, आणि सेवेला नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख. (४० लाखांची मर्यादा तुम्ही ऐकली असेल, ती फक्त माल विकणाऱ्याची.) म्हणजे तुम्ही मर्यादेपासून १५,२०० रुपयांवर उभ्या आहात, तीन दिवसांच्या डब्यांएवढ्या अंतरावर. पुढच्या वर्षी डबा शंभर रुपयांना केलात की ओलांडलीच. तेव्हा नोटिशीची वाट न बघता या वर्षीच कुणा कर सल्लागाराकडे बसा. माझ्याकडेच या असं म्हणत नाही, सिंहगड रोडला चांगले आहेत.

प्राप्तिकराच्या बाजूने तर ऑनलाइन पैसे फायद्याचेच आहेत. छोट्या धंद्यांसाठी अंदाजित उत्पन्नाची सोय आहे, तीत रोख विक्रीवर किमान ८ टक्के नफा धरतात आणि यूपीआयने बँकेत आलेल्या विक्रीवर ६ टक्के. १९,८४,८०० वर ८ टक्के म्हणजे १,५८,७८४ आणि ६ टक्के म्हणजे १,१९,०८८. किमान, हं. खरा नफा जास्त असेल तर तो दाखवायचा.

सुरक्षिततेचं थोडक्यात. गिऱ्हाइकाने दाखवलेला स्क्रीनशॉट पैसे नव्हे, साउंडबॉक्स बोलला किंवा तुमच्या ॲपमध्ये दिसलं तरच डबा द्या. रोज सकाळी केंद्र उघडलं की आपलाच क्यूआर मुलीच्या फोनने स्कॅन करून नाव वाचा. वरून दुसरा स्टिकर चिकटवून जाणारे महाभाग आहेत. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकलात म्हणजे तुम्ही देताय. 'पैसे पाठवतोय, फक्त ही विनंती मंजूर करा' हा जुना डाव होता. व्यक्तीने व्यक्तीकडे यूपीआयवर अशी विनंती पाठवण्याची सोयच १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, पण डाव टाकणारे नवे वेश काढतात.

गिऱ्हाईक म्हणालं, 'माझे गेले', आणि तुमच्याकडे आले नाहीत, तर रात्रीच्या गर्दीत वाद घालू नका आणि स्वतःच्या गल्ल्यातून परतही करू नका. दुकानाचा असा अडकलेला व्यवहार बँकेने पाच दिवसांत उलटवायचा असतो, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई गिऱ्हाइकाला. रात्री झोपताना ॲपमधली यादी बघा, कधी कधी तास-दोन तासांनी पैसे येऊन बसलेले असतात.

वॉलेटमधून तुमच्या नकळत पैसे गेले तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, मग कंपनीला. तुमची चूक नसताना बाहेरच्या कुणी पैसे काढले आणि तुम्ही तीन दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर काहीच येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलंत तर जास्तीत जास्त १०,००० पर्यंतचा भार तुमचा. ओटीपी किंवा पिन तुम्हीच कुणाला सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचंच. कंपनीने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फुकट असते, वकील लागत नाही. मी स्वतः दोनदा केलीय, एकदा जिंकलो.

मुलीला वॉलेट कशाला? तिचं बँक खातं असेल तर यूपीआय लाइट सुरू करून द्या. एका वेळी १,००० पर्यंतचा खर्च पिन न टाकता, आणि त्यात भरून ठेवलेली शिल्लक एकूण ५,००० पर्यंत. वडापाव, झेरॉक्स, रिक्षा, सगळं भागतं आणि पासबुकात दहा-दहा रुपयांच्या शंभर ओळी येत नाहीत. खातं नसेल तर यूपीआय सर्कल. तुमच्याच खात्यातून ती पैसे देते, महिन्याला कमाल १५,००० आणि एका वेळी ५,००० ची वेस, आणि प्रत्येक खर्च तुम्हाला दिसतो. (तिला हे आवडणार नाही.) स्वारगेटहून मेट्रोने जात असेल तर मेट्रोचं कार्ड घ्यावं, पण त्यातली चिपवरची शिल्लक रोख पैशासारखीच, कार्ड हरवलं की गेली. दोनशे-तीनशेच्या वर भरू नका.

राहिलं कर्ज. ते कंपनी देत नाही, तिच्या मागे उभी असलेली वित्तसंस्था देते आणि हप्ता रोजच्या सेटलमेंटमधून परस्पर कापला जातो. 'रोजचे फक्त अमुक रुपये' हे ऐकायला गोड लागतं. तुमचे डबे रविवारी बंद असतात, मे महिन्यात मुलं गावाला गेली की निम्मे होतात, हप्ता मात्र त्याच्या हिशेबाने चालतो. घ्यायचंच असेल तर की फॅक्ट स्टेटमेंट मागा, ते देणं सावकाराला बंधनकारक आहे. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर एका आकड्यात लिहिलेला असतो. तो तुमच्या बँकेच्या दराशेजारी ठेवून बघा. गॅसची दुसरी भट्टी आणि पोळ्यांचं यंत्र घ्यायचं म्हणून लागत असेल तर आधी बँकेत मुद्रा योजनेची चौकशी करा. तुमचं आठ-दहा महिन्यांचं वेगळ्या खात्यातलं स्टेटमेंट तिथे सगळ्यांत आधी मागतील.

आणि तो माणूस पुन्हा आला की त्याला आत बोलवा, चहा द्या आणि त्याच्यासमोर त्याच्याच ॲपमध्ये सेटलमेंटचं पान उघडायला लावा. बँकेचं नाव तुमच्या बँकेचं, खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे तुमचे, सेटलमेंट रोजचं. मग मुलीच्या फोनवरून एक रुपया पाठवून बघा. दुसऱ्या दिवशी तो रुपया पासबुकात दिसला तर क्यूआर भिंतीला लावा, तोवर चिकटवू देऊ नका. तो म्हणेल, 'ताई, आज महिन्याचा शेवटचा दिवस आहे, टार्गेट आहे.' मीही म्हणायचो.